चौदाव्या धड्यापाशी अडलेला अभ्यास : जपानी भाषेच्या एका स्वयंअध्ययनाचे प्रकरण

जपानी शिकायला घेतलेली माणसे नेमकी कुठे गळतात, याचा पुण्यात ही भाषा शिकवणाऱ्या कोणालाही साधारण अंदाज असतो. काही जण हिरागाना-काताकाना या दोन अक्षरमाला पाठ करतानाच कंटाळतात, पण त्याहून मोठा गट पहिल्या पुस्तकाच्या मध्यावर, बऱ्यापैकी वेगाने पुढे आल्यानंतर, अचानक थांबतो. अशा वेळी 'चिकाटी कमी पडली' असा शेरा मारून विषय संपवला जातो. पुढील प्रकरण मी मुद्दाम निवडले आहे, कारण त्यात चिकाटी आणि शिस्त दोन्ही होत्या आणि तरीही अभ्यास बंद पडला होता. संबंधित व्यक्तीच्या संमतीने हे लिहीत असून ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

पार्श्वभूमी

ज्यांचे हे प्रकरण आहे त्या तिशीतील यांत्रिकी अभियंता असून चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्याच्या गुणवत्ता विभागात काम करतात. कारखान्याचे जपानी कंपनीशी तांत्रिक सहकार्य आहे. आराखड्यांवर जपानी टिपा असतात, महिन्यातून काही वेळा व्हिडिओ बैठका होतात आणि तिथे दुभाषी असतो. भाषा शिकण्याची सक्ती त्यांच्यावर कोणी केली नव्हती. समोरचा जपानी अभियंता बराच वेळ बोलतो आणि दुभाषी दोन वाक्यांत ते सांगतो, तेव्हा मधले काय गळले हे आपल्याला कळले पाहिजे, एवढीच त्यांची इच्छा होती. मला हे कारण फार मोलाचे वाटते, कारण ते त्यांच्या रोजच्या कामातून आलेले होते आणि पुढे अभ्यास सावरताना त्याचाच आधार मिळाला.

पुण्यात जपानी शिकण्याची सोय जुनी आणि चांगली आहे. रानडे इन्स्टिट्यूटपासून खासगी वर्गांपर्यंत अनेक ठिकाणी ती शिकवली जाते. परंतु आठवड्यातून सहा दिवस काम, दर आठवड्याला बदलणारी पाळी आणि चाकणहून शहरात यायला लागणारा वेळ यांमुळे शनिवार-रविवारचा वर्ग त्यांना जमणारा नव्हता. म्हणून त्यांनी 'मिन्ना नो निहोंगो' या पाठ्यपुस्तकाचा पहिला भाग घेऊन स्वतःच अभ्यास सुरू केला. १९९८ साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या या पुस्तकाचे प्राथमिक पातळीवर दोन भाग आहेत आणि प्रत्येक भागात २५ धडे आहेत. मुख्य पुस्तक संपूर्ण जपानीत असते, तर शब्दार्थ आणि व्याकरणाच्या टिपा वेगळ्या पुस्तकात असतात. त्यांनी टिपांचे इंग्रजी पुस्तक घेतले होते. जोडीला मोबाइलवर अंकी हे उजळणीचे ॲप होते. त्यात दुसऱ्या कोणी तयार केलेला शब्दसंच उतरवून घेतला होता आणि रोज २० नवे शब्द, ही ॲपची मूळ मर्यादा तशीच ठेवली होती.

पहिले बारा धडे भराभर झाले. मराठी माणसाला हा टप्पा सोपा जातो, यात नवल नाही. क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, आपल्या विभक्तिप्रत्ययांसारखे छोटे शब्द नामाच्या मागून येतात, आणि 'मासु'ने संपणाऱ्या क्रियापदाचे रूप कर्त्याच्या लिंग-वचनाप्रमाणे बदलत नाही. डिसेंबरमध्ये जेएलपीटी या जपानी भाषेच्या प्रावीण्य परीक्षेची एन५ ही सर्वांत सोपी पातळी द्यायची, असे त्यांनी ठरवून टाकले.

अडचण

तेराव्या धड्यानंतर गाडी मंदावली आणि चौदाव्यात थांबली. दोन महिने त्या त्याच धड्यावर होत्या. या काळात अभ्यासाचे नाव त्यांनी टाकले नव्हते, उलट अभ्यासाभोवतीची धावपळ वाढली होती. दुसऱ्या भागाचे पुस्तक विकत आणले गेले, कांजीचे (जपानीत वापरल्या जाणाऱ्या चिनी चित्राक्षरांचे) वेगळे पुस्तक आले, आणखी दोन ॲप उतरवली गेली आणि 'जपानी कशी शिकावी' या विषयावरचे व्हिडिओ रात्री उशिरापर्यंत पाहिले गेले. फक्त चौदावा धडा उघडला जात नव्हता. अंकीमध्ये उजळणीची वाट पाहणाऱ्या कार्डांची संख्या आठशेच्या वर गेली होती आणि तो आकडा दिसू नये म्हणून त्यांनी ॲपची सूचना बंद करून टाकली होती.

डिसेंबरच्या परीक्षेचा अर्ज भरण्याची मुदत जवळ आली तेव्हा एका परिचितामार्फत त्यांनी माझ्याशी संपर्क साधला. त्यांचा प्रश्न सरळ होता : "सेन्सेई (म्हणजे शिक्षिका), पुस्तक बदलू की परीक्षाच सोडून देऊ?"

कारणांचा शोध

या प्रश्नाला लगेच उत्तर देण्याऐवजी मी त्यांना वहीच्या काही पानांचे फोटो पाठवायला सांगितले आणि फोनवर सहाव्या धड्यातील संवाद पुस्तकातून मोठ्याने वाचायला सांगितला. पुस्तकातील पात्रे सातो-सान आणि मिलर-सान ('सान' हे आपल्या 'जी'सारखे आदरार्थी) यांपैकी सातो-सान मिलर-सानांना हानामीला, म्हणजे चेरीचा बहर पाहायला, येण्याचे आमंत्रण देतात, तो हा संवाद. व्याकरणाच्या दृष्टीने त्यांना त्यातले काहीही अवघड नव्हते. तरीही त्या एकेक अक्षर लावत वाचत होत्या आणि काताकानातील शब्द आला की थबकत होत्या.

वहीची पाने पाहिल्यावर कारण उघड झाले. पहिल्या दिवसापासून त्यांनी सगळी जपानी वाक्ये देवनागरीत लिहिली होती. देवनागरी या कामाला इतकी सोयीची आहे की हा मोह मराठी शिकणाऱ्याला पडतोच. 'किते' आणि 'कित्ते' यांतला फरक आपण जोडाक्षराने सहज दाखवतो, 'ओबासान' म्हणजे काकू-मावशी आणि 'ओबाऽसान' म्हणजे आजी हेही अवग्रहाने लिहून मोकळे होतो, 'त्सु'चा उच्चारही आपल्याला परका नाही. उच्चार बिघडत नाहीत, त्यामुळे काही चुकते आहे असे वाटतही नाही. पण त्याची किंमत वेगळ्या ठिकाणी मोजावी लागते. प्रत्येक धडा त्या आधी देवनागरीत उतरवून घेत आणि मग त्या उताऱ्यावरून शिकत. सुरुवातीच्या छोट्या वाक्यांना हे परवडत होते. वाक्ये लांबत गेली, कांजी वाढल्या, तसे नुसते उतरवण्यातच दोन-दोन संध्याकाळी जाऊ लागल्या. हिरागाना आणि काताकानाची प्रत्येकी ४६ मूळ अक्षरे त्यांना 'येत होती', पण वाचनाच्या उपयोगाची झाली नव्हती.

दुसरे कारण चौदाव्या धड्याच्या स्वरूपात होते. या धड्यात क्रियापदाचे 'ते' रूप येते, ज्याला वर्गात सगळे 'ते फॉर्म' म्हणतात. तोवर प्रत्येक धडा काहीतरी नवे बोलायला देत असतो : वेळ सांगा, खरेदी करा, आवडनिवड सांगा. इथे मात्र आजवर शिकलेले प्रत्येक क्रियापद पुन्हा हातात घेऊन त्याचा गट, म्हणजे त्याची रूपे कोणत्या पद्धतीने बदलतात ते, ओळखावा लागतो. 'काकिमासु'चे (लिहिणे) 'काइते' होते, 'योमिमासु'चे (वाचणे) 'योन्दे', 'माचिमासु'चे (थांबणे) 'मात्ते'. 'इकिमासु'चे (जाणे) नियमाने 'इइते' व्हायला हवे, ते होते 'इत्ते'. आणि 'ओकिमासु' (उठणे) दिसायला थेट 'काकिमासु'सारखे असूनही दुसऱ्या गटातले असल्यामुळे त्याचे 'ओकिते' होते. त्यांच्या वहीत या धड्याच्या पानावर 'ओइते' असे लिहून तीनदा खोडलेले होते. 'आपल्याला ही क्रियापदे येत होती, आता तीही येत नाहीत' ही त्यांची भावना होती. माझ्या मते त्यांच्या थांबण्याचे खरे मूळ इथे आहे. कष्टांना त्या भीत नव्हत्या, पण कष्ट करून आपण मागे जात आहोत असे रोज वाटू लागले की कोणाचेही मन त्या पानाकडे वळत नाही.

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांनी मांडलेल्या स्वनिर्धारण सिद्धान्तात टिकाऊ प्रेरणेसाठी तीन गरजा सांगितल्या आहेत : निर्णय आपला असल्याची भावना, आपल्याला जमते आहे असा अनुभव आणि इतर माणसांशी जोडलेपण. या प्रकरणात पहिली गरज भागलेली होती, दुसरी चौदाव्या धड्याने हिरावून घेतली होती आणि तिसरी कधी भागलीच नव्हती, कारण सहा महिन्यांत त्या कोणाही माणसाशी जपानीत एक वाक्य बोलल्या नव्हत्या.

विचारात घेतलेले पर्याय

पुस्तक बदलणे हा त्यांचा स्वतःचा पहिला विचार होता. 'गेन्की' हे दुसरे प्रसिद्ध पाठ्यपुस्तक त्यांच्या डोळ्यांसमोर होते. ते चांगले पुस्तक आहे, व्याकरण त्यातच समजावलेले असते आणि २०२० साली त्याची तिसरी आवृत्ती आली आहे. परंतु त्याची पात्रे विद्यापीठातील विद्यार्थी आहेत आणि बरेचसे सराव जोडीदाराबरोबर करायचे आहेत. त्यांच्या कामाशी मिलर-सानांचे कार्यालय अधिक जवळचे होते. शिवाय 'गेन्की'मध्ये 'ते' रूप सहाव्या धड्यात येते. म्हणजे पाच धडे माहीत असलेल्या गोष्टी वाचून बरे वाटले असते आणि सहाव्यात त्याच जागी येऊन उभे राहावे लागले असते. पुस्तक बदलल्यावर येणारा उत्साह पुष्कळदा या उजळणीचाच असतो, असे माझे निरीक्षण आहे.

पहिल्या धड्यापासून पुन्हा सुरुवात करणे हा दुसरा पर्याय होता. तो प्रामाणिक वाटतो, म्हणून धोक्याचा आहे. ज्यांचे व्याकरण कच्चे नाही त्यांना पुन्हा 'वाताशि वा' ('मी') पासून नेले तर वेळ जातो आणि अडलेली जागा तशीच राहते. जुन्या धड्यांचा उपयोग करायचा होता, पण तो वाचनासाठी.

तिसरा पर्याय होता परीक्षा हेच ध्येय धरून नेट लावण्याचा. जेएलपीटी १९८४ पासून घेतली जाते आणि २०१० पासून तिच्या एन५ ते एन१ अशा पाच पातळ्या आहेत. आपल्याकडे ती जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी होते. एन५ला १८० पैकी ८० गुण लागतात आणि शिवाय भाषाज्ञान-वाचनात १२० पैकी ३८ व श्रवणात ६० पैकी १९ हे किमान गुण वेगळे मिळवावे लागतात. तारीख ठरली की अभ्यासाला धार येते, हे खरे आहे. मात्र वाचनाचा वेग नसताना वेळ लावून सोडवायची प्रश्नपत्रिका समोर ठेवली, तर प्रत्येक सराव परीक्षा न जमण्याचा आणखी एक पुरावा ठरली असती.

चौथा पर्याय म्हणजे जपान फाउंडेशनची 'इरोदोरी' ही पुस्तके. २०२० पासून ती ध्वनिफितींसह विनामूल्य उतरवून घेता येतात आणि जपानमध्ये राहून काम करणाऱ्यांच्या रोजच्या प्रसंगांवर बेतलेली आहेत. हा पर्याय आम्ही नाकारला नाही, पुढे ढकलला. त्या घडीला एक पुस्तक पुरे होत नसताना दुसरे उघडणे योग्य नव्हते.

बरीच चर्चा होऊन ठरले ते असे : पुस्तक तेच ठेवायचे, डिसेंबरचा अर्ज भरायचा नाही, आणि धडा 'झाला' असे कधी म्हणायचे याची व्याख्या बदलायची. अर्ज न भरण्याचा निर्णय त्यांनी घेतला. त्यांना तो जड गेला, कारण घरी आणि कार्यालयात सगळ्यांना डिसेंबर सांगून झाले होते.

केलेली कृती

सर्वांत आधी देवनागरी बंद झाली. पुढचे तीन आठवडे नवा धडा घ्यायचा नाही आणि पहिल्या आठ धड्यांतील उदाहरणे व संवाद मुख्य पुस्तकातून मोठ्याने वाचायचे, असे ठरले. अर्थ माहीत असल्यामुळे सगळे लक्ष अक्षरांवर राहत होते. पहिल्या दिवशी त्यांनी सहाव्या धड्याचा संवाद वाचून मोबाइलवर ध्वनिमुद्रित केला आणि दर रविवारी तोच संवाद पुन्हा मुद्रित केला. ही कृती साधी आहे, पण संपूर्ण प्रकरणात मी तिला सर्वाधिक महत्त्व देते. चौथे मुद्रण पहिल्याच्या जवळपास निम्म्या वेळाचे होते. पुढे गेल्याचा पुरावा त्यांना स्वतःच्या आवाजात ऐकता आला, त्यासाठी कोणाच्या शाबासकीची गरज उरली नाही.

'ते' रूपाच्या बाबतीत आम्ही पूर्ण पाठ होण्याची अट काढून टाकली. गटांचा एक तक्ता त्यांनी हाताने लिहून पुस्तकाच्या मलपृष्ठाला आतून चिकटवला आणि तो उघडा ठेवूनच पंधराव्या, सोळाव्या धड्याकडे जायचे ठरले. टिपा मराठीत लिहायच्या, हेही त्याच वेळी ठरले. इंग्रजी टिपांमुळे त्या जपानी वाक्याचा आधी इंग्रजीत विचार करत होत्या, आणि जे मराठीत सरळ होते ते तिथे वाकडे होऊन येत होते. सोळाव्या धड्यातील 'ओकिते', 'योन्दे' ही साखळी आपल्या 'उठून', 'वाचून' यांच्याशी जुळते. पुढच्या भागात येणारे 'ताबेते मिमासु' तर आपले 'खाऊन बघतो' असते. प्रत्येक ठिकाणी ही जुळणी चालत नाही, 'कुदासाइ' जोडून केलेली विनंती वेगळीच आहे, आणि तेही त्यांनी वहीत नोंदवले. पण परकी वाटणारी रचना आपल्या बोलण्यात रोज येते हे कळल्यावर धड्याबद्दलची धास्ती ओसरली.

अंकीमधील तुंबलेली कार्डे सरसकट स्थगित केली. त्यांतले शब्द पुस्तकात येतील तेव्हा येतील, असे ठरवून नवा संच त्यांनी स्वतः तयार केला. त्यात एकटे शब्द नव्हते, त्या धड्यातील पूर्ण वाक्ये होती. नवी कार्डे रोज पाच. या ॲपमध्ये आज घेतलेले नवे कार्ड पुढचे अनेक दिवस उजळणीला परत येत राहते, त्यामुळे रोजची वीस ही संख्या काही आठवड्यांत किती ओझे तयार करते, हे नव्याने शिकणाऱ्यांच्या लक्षात येत नाही.

वेळेचे नियोजन घड्याळावरून काढून कंपनीच्या बसवर नेले. 'रोज रात्री नऊ ते दहा' हा त्यांचा जुना बेत दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात मोडायचा आणि मोडला की अपराधी वाटायचे. बस मात्र कोणत्याही पाळीत असतेच. जाताना अंकी, येताना संवादाची ध्वनिफीत, आणि घरी शक्य असेल त्या दिवशीच पुस्तक. वाईट आठवड्यासाठी किमान काय, हेही आधीच ठरवून ठेवले : पुस्तक उघडले नाही तरी चालेल, पण येतानाची ध्वनिफीत चुकवायची नाही.

राहिला प्रश्न माणसांचा. त्यांच्याच कारखान्यात देखभाल विभागातील एक ज्येष्ठ तंत्रज्ञ प्रशिक्षणासाठी जपानला राहून आले होते. पुस्तकी जपानी त्यांना फारशी येत नव्हती, कामापुरती बोलता मात्र येत होती. शनिवारी जेवणाच्या सुट्टीत पंधरा मिनिटे बोलायचे, असे या दोघांचे ठरले. पहिल्याच भेटीत बाईंनी 'ते फॉर्म'चे गाऱ्हाणे मांडल्यावर ते म्हणाले, "ताई, तिकडे लाइनवर दिवसभर हेच कानावर पडतं. 'मोत्ते किते कुदासाइ' म्हटलं की घेऊन यायचं, 'चोत्तो मात्ते कुदासाइ' म्हटलं की थांबायचं. तक्ता कोण बघतंय!" त्या आठवड्यात त्यांनी मला पाठवलेल्या संदेशात चौदाव्या धड्याविषयी प्रथमच तक्रार नव्हती.

याखेरीज त्यांनी 'निप्पो' लिहायला घेतला. जपानी कंपन्यांमध्ये दिवसाच्या कामाचा जो लेखी अहवाल द्यायचा असतो, त्याला हे नाव आहे. आठवड्यातून एकदा तीन ओळी, फक्त स्वतःसाठी. 'आसा रोकुजि नि ओकिते, बासु दे काइशा ए इकिमाशिता' म्हणजे 'सकाळी सहाला उठून बसने कंपनीत गेले', इतक्या साध्या वाक्याने तो सुरू झाला. पुढे त्यात मोजमाप, तपासणी, बिघाड हे शब्द त्यांच्या गरजेने आले, जे प्राथमिक पुस्तकाने त्यांना इतक्या लवकर दिले नसते.

परिणाम

'ते' रूप चौदाव्या धड्यात पक्के झाले नाही. ते पक्के झाले एकोणिसाव्या धड्याच्या आसपास, जेव्हा भूतकाळासाठीचे 'ता' रूप आले. त्याची घडण 'ते' रूपासारखीच असते, फक्त 'ते'च्या जागी 'ता' आणि 'दे'च्या जागी 'दा' येतो. संपूर्ण धडा त्यांना जवळजवळ आयता मिळाला. जिथे दोन महिने अडून बसल्या होत्या त्या मेहनतीचे फळ पाच धडे पुढे ठेवलेले होते, आणि तिथवर पोचण्यासाठी अर्धवट तयारीने पुढे जाणे भाग होते.

फेब्रुवारीत कारखान्यात ग्राहक कंपनीचे ऑडिट आले आणि पुस्तक जवळपास महिनाभर बंद राहिले. पूर्वी अशाच खंडानंतर सगळे सुटले होते. या वेळी बसमधील श्रवण चालू होते, त्यामुळे मार्चमध्ये पुन्हा पुस्तक उघडताना त्यांना ओशाळल्यासारखे झाले नाही. एप्रिलच्या अखेरीस पहिल्या भागाचे २५ धडे पूर्ण झाले. जुलैमध्ये त्यांनी एन५ची परीक्षा दिली आणि त्या उत्तीर्ण झाल्या. वाचनाच्या विभागात गुण चांगले होते. श्रवणात मात्र किमान मर्यादेच्या थोडेच वर होते, आणि रोज संवाद ऐकूनही असे झाल्याने त्यांना आश्चर्य वाटले.

कारखान्यातील बैठकांबद्दल सांगायचे तर दुभाष्याची गरज अर्थातच संपलेली नाही. पण समोरचा अभियंता विनंती करतो आहे, मनाई करतो आहे की झालेल्या कामाविषयी बोलतो आहे, एवढे त्यांना क्रियापदाच्या शेपटावरून कळू लागले आहे. ज्या कारणासाठी त्यांनी भाषा घेतली होती, त्याच्या दृष्टीने प्रमाणपत्रापेक्षा ही प्राप्ती मोठी आहे.

वेगळे काय करता आले असते

लिपीचा प्रश्न पहिल्या महिन्यातच सुटायला हवा होता. पहिल्या दोन धड्यांपुरती देवनागरी चालेल, तिसऱ्यापासून वहीत ती नको, असे मी आता स्वतः शिकणाऱ्या प्रत्येकाला सांगते. ज्यांना वर्ग मिळतो त्यांच्या बाबतीत शिक्षक फळ्यावर हिरागाना-काताकानाच लिहितात, म्हणून ही सवय आपोआप सुटते. एकट्याने शिकणाऱ्याला अडवणारे कोणी नसते.

श्रवणाच्या बाबतीत एक गोष्ट नंतर लक्षात आली. त्या जे संवाद ऐकत होत्या ते आधी वाचून पाठ झालेले होते. परीक्षेत आणि बैठकीत मात्र पूर्वी न पाहिलेले बोलणे एकदाच कानावर पडते. धडा वाचण्यापूर्वी त्याचा संवाद दोनदा ऐकायचा आणि काय घडले असावे ते मराठीत एका ओळीत लिहायचे, हा क्रम सुरुवातीपासून ठेवला असता तर कान वेगळे तयार झाले असते. 'इरोदोरी'च्या ध्वनिफितींचा उपयोग आता त्या यासाठी करत आहेत. पुढे ढकललेला तो पर्याय अशा रीतीने परत आला, हे मला समाधानाचे वाटते.

डिसेंबरची परीक्षा सोडण्याच्या निर्णयाबद्दल मतभेद होऊ शकतो. माझ्या परिचयातील एका अनुभवी शिक्षिकेच्या मते अर्ज भरून, नापास होण्याची तयारी ठेवून, अनुभवासाठी बसणे अधिक चांगले झाले असते, कारण एन५ला बसण्याचा तोटा फारसा नसतो आणि परीक्षेचे स्वरूप तरी कळते. पुष्कळांच्या बाबतीत मी या मताशी सहमत होईन. इथे मात्र ज्या व्यक्तीचा आत्मविश्वास आधीच खचला होता, तिच्या हाती जानेवारीत अनुत्तीर्णचा निकाल पडला असता तर ती पुन्हा पुस्तकाकडे वळली असती का, याबद्दल मला गंभीर शंका होती. जेएलपीटीत बोलण्याची चाचणीच नसते, हाही मुद्दा आम्ही विचारात घेतला होता. परीक्षेच्या तयारीत शनिवारच्या गप्पा बहुधा पहिल्यांदा कापल्या गेल्या असत्या.

तुंबलेली कार्डे स्थगित करण्याऐवजी रोज थोडी थोडी संपवता आली असती का, असे त्यांनी नंतर विचारले. ज्यांना मोकळा वेळ आहे त्यांनी तसे अवश्य करावे. परंतु त्यांच्याकडे दिवसाचा पाऊण तास होता आणि तो पूर्णपणे जुनी थकबाकी फेडण्यात गेला असता.

सध्या त्या दुसऱ्या भागाच्या तिसाव्या धड्यावर आहेत. वेग पहिल्या भागापेक्षा कमी आहे आणि कांजी ही त्यांची नवी अडचण आहे, कारण आराखड्यांवरच्या टिपांमध्ये कांजींवर वाचन-साहाय्य म्हणून छोटी हिरागाना अक्षरे छापलेली नसतात. त्यासाठी पुस्तकातील क्रम बाजूला ठेवून, कारखान्यात वारंवार दिसणाऱ्या कांजी आधी घ्याव्यात का, यावर आमची चर्चा चालू आहे. माझा कल त्या बाजूने आहे. एन४च्या परीक्षेची तारीख त्यांनी अजून ठरवलेली नाही. सदतिसाव्या धड्यातील कर्मणी रूपे हाताखालून गेल्यावर ती ठरवायची, असे त्यांनी कळवले आहे.